गंज

रायपूरच्या चौबे कॉलोनीत आमचे बिऱ्हाड आहे आणि केंद्र सरकारच्या एका कचेरीत आम्ही कारकुनी करतो. परवा एक वृद्ध माजी सैनिक निवृत्तिवेतनाचा अर्ज घेऊन आले. जोडपत्रांत एक प्रत कमी होती. आम्ही अर्ज परत केला. नियमाने वागल्याचे समाधानही वाटले. त्यांची ती तिसरी खेप होती, हे मागाहून ध्यानात आले.

सायंकाळी महाराष्ट्र मंडळात ही हकिकत सांगताच एक ज्येष्ठ स्नेही हसून म्हणाले, “पर्रीकर संरक्षणमंत्री असताना ही फाइल त्यांच्यापुढे गेली असती, तर तुमची धडगत नव्हती!”

विनोद खरा, पण तो आम्हांस लागला. मनोहर पर्रीकर म्हापशाचे. १९६१ साली गोवा मुक्त झाला, तेव्हा ते जेमतेम सहा वर्षांचे होते. १९७८ साली पवईच्या आय. आय. टी.तून ते धातुशास्त्राचे अभियंते झाले. १९९४ साली आमदार, २००० साली मुख्यमंत्री, २०१४ साली संरक्षणमंत्री, अशी त्यांची चढती कमान. अर्ध्या बाह्यांचा सदरा आणि पायांतल्या चपला मात्र त्याच राहिल्या.

धातू जाणणाऱ्यास एक गोष्ट पक्की ठाऊक असते: लोखंड घावापेक्षा गंजाने अधिक जाते. १९८६ साली मांडवीवरील पूल कोसळला, तो आतल्या पोलादी तारा गंजल्यामुळे. वरून तो धडधाकटच दिसत असावा. सरकारी कामासही असाच गंज चढतो; एकेक शेरा, एकेक परती. माजी सैनिकांची ‘समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन’ ही मागणी कित्येक दशके पडून होती. ५ सप्टेंबर २०१५ रोजी पर्रीकरांनी ती मान्य झाल्याचे जाहीर केले. सर्वांचे समाधान झाले नाही, आंदोलनही थांबले नाही. पण कागद हलला.

पुढे कर्करोगाने त्यांना गाठले. २७ जानेवारी २०१९ रोजी त्याच मांडवीवरील नव्या पुलाच्या उद्घाटनास ते नाकात नळी असताना आले आणि तीन दिवसांनी तशाच स्थितीत त्यांनी विधानसभेत अर्थसंकल्प मांडला. १७ मार्चला ते गेले. आजाऱ्याने विश्रांती घ्यावी, खुर्ची दुसऱ्याकडे द्यावी, असे तेव्हा अनेकांनी म्हटले; त्यातही तथ्य होते. परंतु धडधाकट असून एक कागद अडविणाऱ्या आम्हांस ते म्हणण्याचा अधिकार उरला नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन आम्ही जुन्या नस्त्या उपसल्या. हवी असलेली प्रत आमच्याच कपाटात होती.