अजातशत्रूची कथा आणि सेंदाईचे वैद्य

दुसऱ्याच्या मनाचा वैद्य होऊ इच्छिणाऱ्याने प्रथम स्वतः रोग्याच्या जागी बसावे, असा मनोविश्लेषणशास्त्राचा दंडक आहे. शल्यवैद्याला आपले शास्त्र शिकण्यासाठी स्वतःचे पोट फाडून घ्यावे लागत नाही. मनोवैद्याला मात्र आपले अंतःकरण अनुभवी गुरूपुढे महिनोन्‌महिने उघडे करावे लागते, आणि तेवढ्याने त्याचे शिक्षण पुरे झाले असेही होत नाही. १९३७ साली, आयुष्याच्या अखेरीस, फ्रॉइड यांनी तर असे सुचविले की, मनोविश्लेषकाने दर पाचएक वर्षांनी पुन्हा एकदा स्वतःचे विश्लेषण करून घ्यावे आणि त्यात लाज मानू नये. या विद्येची पाळेमुळे जपानात ज्या नगरात रुजली, ते सेंदाई होय.

उत्तर जपानातील या नगरात विद्येची परंपरा जुनी आहे. चिनी साहित्यिक लू शुन हे १९०४ ते १९०६ या काळात येथील वैद्यकीय शाळेत शिकत होते. त्यांच्या टिपणवह्या फुजिनो नावाचे शिक्षक तांबड्या शाईने तपासून देत, भाषेच्या चुकासुद्धा सुधारीत. ही हकीकत लू शुन यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. १९०७ मध्ये येथे तोहोकु हे शाही विद्यापीठ स्थापन झाले, आणि १९१३ मध्ये त्याने जपानात प्रथमच विद्यार्थिनींना विद्यापीठाचे दार उघडले. पुढे याच विद्यापीठात मनोरुग्णशास्त्राचे प्राध्यापक मारुई कियोयासु अमेरिकेत अडोल्फ मायर यांच्याकडे शिकून आले व फ्रॉइड यांचे सिद्धांत शिकवू लागले. तोक्योचे मोरिता शोमा यांना ते सिद्धांत मान्य नव्हते, आणि विद्वत्‌सभांतून या दोघांचे वाद चांगलेच रंगत.

मारुई यांच्या शिष्यांत कोसावा हेईसाकु नावाचा एक तरुण होता. जन्म १८९७ चा. विद्यापीठाची पदवी १९२६ ची. विद्यार्थीदशेतच त्याच्या मनावर बौद्ध भक्तिमार्गाचा, जोदो शिन्‌शू पंथाचा, खोल संस्कार झाला होता. गुरू जे शिकवीत ते ग्रंथांतून आलेले आहे, प्रत्यक्ष अनुभवातून नव्हे, असे या शिष्याला वाटू लागले. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, १९३२ मध्ये, कोसावा व्हिएन्नास गेले. तेथे फ्रॉइड यांची भेट झाली. पण त्यांच्याकडून विश्लेषण करून घेण्याइतका पैसा गाठी नव्हता. तेव्हा रिचर्ड स्टेर्बा यांच्याकडे ते रोग्याच्या जागी बसले, आणि पाउल फेडर्न यांच्या देखरेखीखाली काम शिकले. अध्यापन करून चुकलेल्या माणसाने परक्या देशात, परक्या भाषेत, स्वतःच्या लहानपणीच्या गोष्टी सांगत बसावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. गंमत अशी की, १९३३ मध्ये खुद्द मारुईही फ्रॉइड यांना भेटण्यास व्हिएन्नाला गेले. शिष्याच्या मागोमाग त्याच वाटेने जाण्यात त्या प्रौढ प्राध्यापकाला कमीपणा वाटला नाही, ही त्यांच्या मोठेपणाचीच खूण मानावी.

कोसावा यांनी फ्रॉइड यांच्यापुढे जो निबंध ठेवला, त्याची कथा भारतातली आहे. मगधाचा राजा अजातशत्रू, बिंबिसार व वैदेही यांचा पुत्र. जपानी भाषेत त्याला ‘अजासे’ म्हणतात. आपल्याकडे हे नाव धर्मराजाला लावतात: ज्याचा शत्रू जन्मलाच नाही तो. चीन-जपानच्या बौद्ध परंपरेत मात्र त्याच अक्षरांतून ‘जन्मापूर्वीचे वैर’ असा अर्थ निघाला! कोसावा यांनी सांगितलेल्या कथेत राणीला पुत्राची घाई होते. एक ऋषी मरणोत्तर तिच्या पोटी येणार असतो. त्याच्या मृत्यूची वाट न पाहता ती त्याचा वध करविते. मग भयाने ती नवजात बालकाला उंचावरून खाली टाकते. मूल वाचते, बोट तेवढे मोडते. मोठेपणी हे रहस्य कळताच अजातशत्रू पित्याला बंदीत टाकतो, आणि त्याला चोरून अन्न पुरविणाऱ्या मातेवर शस्त्र उगारतो. पुढे पश्चात्तापाने त्याच्या अंगभर व्रण उठतात, आणि अखेर त्याला क्षमा लाभते. जुन्या ग्रंथांत ऋषीच्या वधाचा दोष राजाकडे आहे. कोसावा यांनी तो राणीकडे दिला, कारण त्यांना आई आणि मूल यांच्यातील गाठ उकलायची होती.

या कथेवरून त्यांनी अपराधभावनेचे दोन प्रकार दाखविले. एक शिक्षेच्या भीतीतून येणारी. दुसरी, शिक्षा न होता क्षमा मिळाली म्हणजे मनात उमटणारी. दुसरी अधिक खोल जाते, असे त्यांचे म्हणणे. फ्रॉइड यांनी या निबंधाची फारशी दखल घेतल्याचे दिसत नाही. कलकत्त्याचे गिरींद्रशेखर बोस हेही त्याच सुमारास फ्रॉइड यांच्याशी पत्रव्यवहार करून आपली वेगळी मते मांडीत होते. पूर्वेकडील शिष्य नम्र होते खरे, पण केवळ पाठांतर करणारे नव्हते.

मायदेशी परतल्यावर कोसावा यांनी विद्यापीठाची वाट न धरता तोक्योत दवाखाना घातला. त्यांच्याकडे शिकलेले दोई ताकेओ, गुरू रोग्याचा फारच उद्धारकर्ता होऊ पाहतो, या मतभेदामुळे दूर झाले आणि १९७१ मध्ये ‘अमाए’वर, म्हणजे दुसऱ्याच्या मायेवर लाडाने विसंबण्याच्या वृत्तीवर, त्यांनी गाजलेला ग्रंथ लिहिला. ओकोनोगी केइगो यांनी मात्र अजासेची कल्पना पुढे वाढविली. गुरूपासून शिकणे आणि गुरूशी भांडणे ही दोन्ही कामे या परंपरेत सारख्याच निष्ठेने झालेली दिसतात.

मग ११ मार्च २०११ चा भूकंप व समुद्राचा प्रलय आला. मियागी प्रांतात मृत व बेपत्ता मिळून दहा हजारांहून अधिक माणसे गेली. अशा वेळी मनोवैद्याला शिकलेले विसरावेही लागते. आपत्ती घडताच पीडितांकडून सारे वदवून घ्यावे, अशी पूर्वी समजूत होती. पुढील संशोधनात तिचा लाभ दिसला नाही, काही वेळा अपायच दिसला. आता प्रथम अन्न, ऊब, निवारा, नातलगांचा शोध. बोलणे ज्याच्या त्याच्या इच्छेवर. गिरमिटावर आलेल्या पणजोबांनी बोटीवरचे दुःख घरात कधी उच्चारले नाही, हे ज्यांनी पाहिले-ऐकले आहे, त्यांना या मौनाचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

जपानात ‘रिन्शो शिनरिशी’ या मानसोपचारकाला दर पाच वर्षांनी आपली पात्रता नवी करून घ्यावी लागते. त्यासाठी अभ्यासवर्ग व परिषदा यांचे गुण जमवावे लागतात. फ्रॉइड यांचीही मुदत पाचच वर्षांची होती, हा योगायोगच! प्रलयानंतर कानेता ताइओ या झेन धर्मगुरूंनी ‘कॅफे दे मोंक’ नावाचे फिरते चहापानगृह काढले. ‘मोंकु’ म्हणजे जपानीत गाऱ्हाणे. भिक्षूने गाऱ्हाणी ऐकायची, असा त्यातला श्लेष. कर्करोगाने स्वतः पीडित असलेले डॉ. ओकाबे ताकेशी यांच्या प्रेरणेने २०१२ मध्ये तोहोकु विद्यापीठात धर्मोपदेशकांसाठी शिक्षणक्रम सुरू झाला. त्याच वर्षी डॉक्टर निवर्तले. तेथे पहिला नियम असा की, दुःखिताला आपल्या पंथाकडे वळवायचे नाही. केस पिकलेले पुरोहितही तेथे विद्यार्थी म्हणून येतात. रोग्याशी झालेले संभाषण आठवून शब्दशः लिहून काढतात आणि आपण कोठे अधिक बोललो, कोठे ऐकले नाही, हे सहाध्यायांपुढे वाचून दाखवितात.