लपंडाव आणि उपग्रह

इंदूरच्या रामबागेतील आमच्या वाड्यात लपंडाव रंगे, तेव्हा राज्य आलेल्या गड्याजवळ दोन डोळ्यांवाचून दुसरे साधन नसे. एकदा जेवणाची हाक आली आणि आम्ही सारे डाव मोडून घरात गेलो. धाकटा बंधू मात्र सरपणाच्या खोलीत दिवेलागणीपर्यंत बसून होता. त्याने तक्रार केली नाही.

यंदा सुट्टीत तोच आपल्या मुलांसह आला. मुलांनी मोबाइलवरचे लपंडाव दाखविले. २०१६ साली निघालेल्या ‘पोकेमॉन गो’मधील प्राणी पडद्यापुरतेच, आमचे मन त्यात रमले नाही. ‘जिओकॅशिंग’ निराळे. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि लगेच ३ मे रोजी ऑरेगॉनमध्ये एका गृहस्थाने डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. यंत्र जवळपास नेऊन सोडते. शेवटचे काही मीटर स्वतःच धुंडाळावयाचे. हे आम्हांस न्याय्य वाटले.

माणसे लपावयाची तर व्हॉट्सॲपवरील ‘लाइव्ह लोकेशन’ १५ मिनिटे चालू ठेवले की झाले. मेघदूत उपवनात बंधू लपला. ठिपक्याच्या जागी कोणीच नव्हते. मुले कंटाळून खाऊच्या गाड्यांकडे वळली. आम्ही मात्र झुडपे चाळीत राहिलो. (आमचे विद्यार्थी तेथे नव्हते, हे बरे!) अखेर बांबूंच्या बेटामागे त्याचा सदरा दिसला.

“आज आलास, दादा,” तो म्हणाला.