दुसरी आली आणि बंदी आली

शर्यतीत हरणाऱ्याबद्दल आपण हळहळतो. पण जिंकू लागताच जिला शर्यतीतूनच उठवले, तिची कथा फारशी कुणी सांगत नाही. जोन न्यूटन क्युनिओ ही अशी एक बाई. जन्म १८७६ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा. नवरा न्यूयॉर्कचा बँकवाला. १९०२ साली घरात वाफेवर चालणारी मोटार आली आणि बाईसाहेबांना वेगाचे वेड लागले.

१९०५ साली ती ‘ग्लिडन टूर’ या लांब पल्ल्याच्या मोटारदौऱ्यात उतरली. वाटेत पुढची गाडी एकाएकी मागे आली. तिला चुकवताना जोनची गाडी थेट पुलावरून खाली! गाडी वर काढली आणि बाई पुन्हा चाक धरून बसली. १९०८ च्या दौऱ्यात तर तिचा एकही गुण कापला गेला नाही. १९०९ च्या फेब्रुवारीत न्यू ऑर्लिन्सला ५० मैलांच्या शर्यतीत ती दुसरी आली. पहिला होता राल्फ डी पाल्मा, पुढे १९१५ साली इंडियानापोलिसची शर्यत जिंकणारा. आणि त्याच वर्षी अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने आपल्या शर्यतींत स्त्रियांना बंदी केली. पुलावरून पडली तेव्हा नाही हं, दुसरी आली तेव्हा! मला तरी हे फार बोलके वाटते.

वाचकहो, हे मला का झोंबावे? आमच्या मामाची जीप मी चौक रस्त्यावर खुशाल चालवते. लायसन्स आहे. पण खोपोली सुटली, शिंगरोबाचे देऊळ जवळ आले, की फर्मान सुटते, “उतर, आता घाट!” मग चाक धरतो धाकटा भाऊ, त्याने दोनदा मडगार्ड घासले, ते वेगळेच. मी मामाला सांगितले, ८ मार्च २०११ रोजी सुरेखा यादव यांनी ‘डेक्कन क्वीन’ याच बोरघाटातून मुंबईला नेली; सदतिसास एक असा तो उतार! मामा म्हणाला, “ती रुळावरची गाडी. तिला वळवावं कुठं लागतं?”

म्हणून मग जोनची गोष्ट काढली. इंडियानापोलिसच्या त्या शर्यतीत बाई उतरायला १९७७ साल उजाडले, तिचे नाव जॅनेट गथ्री. जोन १९३४ सालीच वारली होती. मामाने सगळे ऐकून घेतले, पान जुळवले आणि विचारले, “पुलावरून पडली, तरी पुन्हा बसली?”

“बसली.”

“हं,” मामा म्हणाला, “गाडी कुठली होती?”