खिडकीवरची वळचण

बेळगावच्या घाऊक बाजारातून गोव्याला जाणारी भाजी बरीचशी रात्रीच प्रवास करते. कोबी, फ्लॉवर, गाजरे, हिरवी मिरची, कोथिंबिरीच्या ओल्या जुड्या असा माल पिकअपच्या हौद्यात रचला जातो, वर ताडपत्री ओढून दोर आवळला जातो, आणि मध्यरात्र उलटता उलटता गाडी जांबोटीच्या वाटेला लागते. पुढे मलप्रभेच्या उगमाचे कणकुंबी, मग चोर्ला, आणि तेथून घाट उतरून केरी व साखळी. उन्हाळ्यात ही वाट रम्य असते. पावसाळ्यात मात्र सह्याद्रीचा हा माथा ढगांच्या पोटात जातो. तेथे पाऊस वरून पडतो असे म्हणणे पुरेसे होत नाही. तो दरीतून वर येतो, आडवा येतो, आणि गाडीच्या दिव्यांपुढे पांढऱ्या भिंतीसारखा उभा राहतो.

या वाटेवर आप्पांची तीस वर्षे गेली. प्रथम दुसऱ्याच्या गाडीवर, नंतर स्वतःच्या. बाजारात त्यांना सारेच आप्पा म्हणत, घरी मुलगाही. वय 61. हातची पिकअप नवी, अवघ्या चार महिन्यांची, मुलाच्या आग्रहाने कर्ज काढून घेतलेली; वातानुकूलन मात्र परवडले नव्हते. मृग लागण्यापूर्वी तिच्या दोन्ही दारांना पावसाची व्हायझर बसवून घ्यावीत, एवढे ठरले होते. कोणत्या पद्धतीची बसवावीत, हे ठरले नव्हते. आणि घरातला तो प्रश्न मे महिन्याचे तीन आठवडे पुरला.

ज्यांनी अशा गाडीतून रात्रीचा घाट उतरलेला नाही त्यांना या प्रश्नाचे गांभीर्य पटणे कठीण आहे. पावसात खिडकीची काच पूर्ण चढवली की आतल्या दोन माणसांचे श्वास, ओले कपडे, पायांखालचे भिजलेले पोते यांची वाफ थंड झालेल्या काचांवर बसते आणि पाहता पाहता समोरचा रस्ता नाहीसा होतो. वायपर बाहेरचे पाणी सारतो. आतल्या धुक्यापुढे त्याचे काही चालत नाही. काच खाली करावी, तर वाफ जाते पण पाऊस आत येतो. उजवी मांडी, बाही आणि कागदपत्रांचा खण भिजतो. चालकवर्गाने यावर नाना उपाय करून पाहिले. कोणी बाहेरच्या काचेवर तंबाखू चोळली, कोणी कापलेला बटाटा. ओले फडके तर प्रत्येक गाडीत असतेच. 1903 साली अमेरिकेत मेरी अँडरसन या बाईंनी गाडीच्या आत बसून फिरवण्याच्या वायपरचे पेटंट मिळवले आणि समोरच्या काचेची सोय झाली. बाजूच्या काचेचे दुखणे तसेच राहिले.

ते दुखणे जुन्या गाड्यांत थोडे हलके होते, हेही सांगितले पाहिजे. जुन्या अँबॅसडरच्या पुढच्या दाराला एक छोटी तिकोनी काच असे. ती आपल्या खुंटीभोवती फिरे. थोडी तिरकी केली की वारा हवा तसा वळवता येई, आणि मोठी काच बंद ठेवूनही आत हवा खेळे. पुढे गाड्यांचे दरवाजे सलग झाले, ती काच अनावश्यक मानली गेली आणि निघून गेली. एखादी वस्तू गेल्यानंतर तिचे काम मागे उरते. मग ते करण्यासाठी बाजारात दुसरी वस्तू निर्माण होते, आणि तिला नवा शोध म्हणून विकले जाते. व्हायझरचे बरेचसे असेच आहे. कोकणातल्या घराला छपराचे टोक भिंतीपुढे काढून जी वळचण ठेवतात, तिचे हे चाकांवरचे धाकटे रूप. पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात, एवढेच तिचे मूळचे प्रयोजन.

सुट्या भागांच्या दुकानात मात्र या एवढ्याशा प्रयोजनाचे अनेक अवतार टांगलेले होते. त्यांत मुख्य घराणी दोन. पहिले बाहेरून चिकटवण्याचे: दाराच्या चौकटीवर दुहेरी चिकटपट्टीने बसणारे, रुंद, बाहेर झुकलेले, दिसायला काहीसे ओबडधोबड. दुसरे खाचेत बसण्याचे: काच ज्या रबरी खाचेतून वर-खाली होते त्याच खाचेत याची वरची कड अडकवायची. ते अरुंद असते, दाराच्या रेषेशी एकजीव होऊन राहते, आणि कारखान्यातूनच बसवून आले असावे असे वाटते. मुलाचे मन याच्यावर बसले होते. त्यातही त्याला गडद धुरकट रंगाचे हवे होते; आणि शेजारी टांगलेल्या, चकचकीत रुपेरी कडेच्या जोडीवरही त्याची नजर दोनदा जाऊन आली.

त्या रुपेरी कडेला हसण्याचे कारण नाही. संस्कृतात ‘अलंकार’ या शब्दाच्या पोटात ‘अलम्’ आहे, म्हणजे पुरेसे; जे वस्तूला पुरेसे करते ते अलंकरण. ज्या तरुणाच्या नावावर कर्जाचे हप्ते आहेत आणि ज्याच्या गाडीत रोज चिखलाच्या पाट्या चढतात, त्याला त्या गाडीवर एक चकाकती रेघ असावी असे वाटले तर ती रेघ त्याच्या लेखी वरपांगी नसते. तथापि आप्पांनी ती जोडी हातात घेतली, उजेडात तिरकी धरली आणि परत ठेवली. समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा त्या कडेवर पडला तर डोळ्यांत येईल, एवढेच ते म्हणाले.

गडद रंगाचा वाद त्या मानाने लवकर मिटला. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने गाड्यांच्या काचांवर काळी फिल्म लावण्यास मनाई केली. व्हायझर म्हणजे फिल्म नव्हे, हा मुलाचा युक्तिवाद बरोबर होता. पण तो मध्यरात्री, तपासणी नाक्यावर, पावसात उभे राहून करावा लागला असता. शिवाय घाटातल्या नागमोडी वळणावर चालक नेहमी समोरच पाहत नाही. वरच्या वळणावर कोणाच्या दिव्याचा उजेड हलतो आहे का, हे तो बाजूच्या खिडकीच्या वरच्या भागातून पाहतो. नेमका तोच भाग व्हायझर झाकते. तेव्हा फिकट रंगाचे घ्यायचे, यावर एकमत झाले.

उरला प्रश्न रुंद की अरुंद. मुलाने आपली बाजू तयारीने मांडली. बाहेरून चिकटवलेले व्हायझर वेगात शिट्टी वाजवते. चिकटपट्टीला पहिला दिवसभर पाणी लागता कामा नये, चौकट स्पिरिटने पुसून कोरडी ठणठणीत हवी, आणि वळवाच्या दिवसांत तशी हमी कोण देणार? पट्टी सुटली तर व्हायझर मागून येणाऱ्याच्या अंगावर जाणार. खाचेतले कधी पडत नाही, आणि धुतानाही त्याला जपावे लागत नाही.

दुकानदाराने दुसरी बाजू सांगितली; त्याला दोन्ही विकायचे होते म्हणून ती निःपक्षपाती होती. खाचेतले नवे असताना काच अडते. काच चढवून दोन-तीन दिवस गाडी तशीच ठेवावी लागते, म्हणजे रबर आपली जागा करून देते. तरीही हाताने फिरवायच्या हँडलला काही दिवस जोर लागतो. अन् रुंदी कमी, म्हणून काच उघडता येते ती बोटभरच. त्याहून खाली आणली की पाणी आत.

“बोटभर पुरे की,” मुलगा म्हणाला. “वाफ जायला किती फट लागते?”

येथे एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती. गाडी वेगात असते तेव्हा व्हायझरवरून वाहणारा वारा आतली हवा मागच्या टोकाकडून ओढून घेतो आणि बोटभर फटही पुरते. सपाट महामार्गावर अरुंद व्हायझर म्हणूनच उत्तम. घाटात गाडी वीस-पंचवीसच्या वेगाने रांगत असते. ओढ जवळपास नसतेच. तेथे व्हायझरला केवळ वळचणीचे काम उरते, आणि वळचण जितकी रुंद तितकी काच खाली घेता येते. आप्पांना हे अनुभवाने ठाऊक असणार. पण त्यांनी ते कारण सांगितले नाही. ते म्हणाले,

“बोटभर फटीतून आवाज आत येत नाही.”

“कसला आवाज?”

“हॉर्नचा. वळणाच्या पलीकडचा. धुक्यात दिवा दिसत नाही तेव्हा कानावरच गाडी चालते.”

“येतो की आप्पा. एप्रिलात काच पूर्ण बंद करून आलो की आपण. मला सगळे ऐकू येत होते.”

दुकानात त्या वेळी आणखी दोन गिऱ्हाइके होती. दुकानदार खाली वाकून काहीतरी शोधू लागला. आप्पा हातातल्या रुंद व्हायझरच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. मुलाने पुढे काही विचारले नाही. गेल्या वर्षभरातल्या कितीतरी गोष्टी त्याच्यापुढे एकदम ओळीने येऊन उभ्या राहिल्या असाव्यात: उजव्या बाजूने हाक मारली तर न वळणारी मान, डाव्या कानाला लागणारा फोन, टीव्हीचा वाढवलेला आवाज. तीस वर्षे चालकाच्या जागेवर बसलेल्या माणसाचा उजवा कान खिडकीपाशी असतो. वारा, इंजिने आणि ओलांडून जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न त्याने सगळे त्याच कानाने घेतलेले असतात. परवान्याच्या नूतनीकरणाला जे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, त्यात नेहमीचे ध्वनिसंकेत ऐकू येतात का, असा एक प्रश्न असतो. आप्पांचे नूतनीकरण पुढच्या वर्षी होते.

“उजवीकडे रुंद घ्या,” मुलगा दुकानदाराला म्हणाला. “डावीकडे खाचेतले.”

“जोडी फोडत नाही,” दुकानदार म्हणाला. मग फोडली, दोन्ही जोड्या फोडल्या, थोडे अधिक पैसे घेतले, आणि उरलेले दोन विजोड तुकडे, एक रुंद डावा व एक अरुंद उजवा, पुन्हा खिळ्याला टांगले. “हे आता कोण घेणार?” असे तो म्हणाला, तेही कोणाला उद्देशून नव्हे.

अशा रीतीने त्या पावसाळ्यात बेळगाव–गोवा वाटेवर दोन वेगवेगळ्या भुवयांची एक पिकअप धावू लागली. बाजारात तिची थट्टा झाली. मुलाने ती मनावर घेतली नाही. पूर्वी तो आठवड्यातून एखाद्या फेरीला येई; आता प्रत्येक फेरीला येऊ लागला. पाट्या उतरवायला माणूस मिळत नाही, हे कारण दिले गेले. ते खोटे नव्हते, आणि त्यामुळे ते दोघांनाही स्वीकारता आले.

आषाढातल्या एका रात्री चोर्ल्याच्या उतारावर खालून ट्रक येत होता. आप्पांच्या बाजूची काच चार बोटे खाली होती, व्हायझरच्या मागच्या कोपऱ्यातून पाण्याची धार बाहेरच्या बाहेर गळत होती. वस्तू आपले काम चोख करीत होती. हॉर्न मुलाला पहिल्या वेळी ऐकू आला. तो बोलला नाही. दुसऱ्या वेळीही बोलला नाही. तिसऱ्या वेळी “आप्पा, गाडी” हे शब्द त्याच्या तोंडून निघाले तेव्हा आप्पांचा पाय ब्रेकवर पडतच होता. ट्रक कठड्याच्या बाजूने अंग चोरून निघून गेला. केरीला चहा घेताना दोघे भाजीच्या दराविषयी बोलले.

पुढच्या फेरीला कणकुंबीपाशी आप्पांनी गाडी कडेला घेतली, इंजिन चालू ठेवूनच दार उघडले आणि पावसातून वळसा घालून डाव्या दाराशी येऊन उभे राहिले. “सरक,” ते म्हणाले, “इथून खाली तू घे.” मुलगा आतूनच पलीकडच्या जागेवर गेला. रुंद व्हायझराखालची काच त्याला पुरेशी खाली होती, समोरची काच स्वच्छ होती.

आप्पांनी डावीकडची काच उतरवायला सुरुवात केली. हँडल जड होते. दोन्ही हात लावून त्यांनी ती बोटभर उतरवली, मग वीतभर, मग अर्ध्याहून खाली. अरुंद पट्टी वरच राहिली. तिच्याखालून पाऊस सरळ आत आला. त्यांचा डावा कान आता दरीच्या बाजूला होता, आणि तो शाबूत होता. “खालून बस आहे,” ते म्हणाले. मुलाला अजून काही ऐकू आले नव्हते. त्याने वेग कमी केला. तीन वळणांनंतर बस आली.

साखळीला पोचेपर्यंत आप्पांचा डावा खांदा, बाही आणि पंचा निथळत होता. त्यांनी पंचा पिळून समोर वाळत घातला. पुढच्या दोन फेऱ्यांनाही तसेच झाले; आप्पांना खोकला लागला, पण त्यांनी जागा बदलली नाही आणि काचही चढवली नाही.

तिसऱ्या फेरीनंतर मुलगा त्या दुकानात गेला. रुंद डावा तुकडा खिळ्यावरच होता. दुकानदाराने किंमत कमी केली, खाचेतली अरुंद पट्टी कशी ओढून काढायची ते दाखवले, चिकटपट्टीची नवी गुंडाळी दिली आणि बजावले: चौकट कोरडी पाहिजे, अन् बसवल्यावर एक दिवस, पुरा एक दिवस, पाण्याचा थेंब लागता उपयोगी नाही.

व्हायझर वर्तमानपत्रात गुंडाळून आसनामागे ठेवले आहे. श्रावण लागला आहे. ऊन पडते, तासाभराने सर येते, पुन्हा ऊन पडते. सबंध दिवसाची उघडीप अजून मिळालेली नाही. आणि कणकुंबी आली की आप्पा दार उघडून, खांद्यावर कोरडा पंचा टाकून, गाडीला वळसा घालतात.