श्रावणातलं बी, भादव्यातला दगड

पांढुर्णा जिल्हा वर्षातून दोनदा बाहेरच्या जगाच्या नजरेत येतो, आणि तेही पंधरा-सोळा दिवसांच्या अंतरानं. राखी पौर्णिमेच्या आधी सौसर तालुक्यातल्या पारडसिंग्याहून बी गुंफलेल्या राख्यांची पाकिटं मोठ्या शहरांकडे निघतात. मग अमावास्येला पोळा. बैलांच्या शिंगांना लावलेला रंग अजून ताजा असतो, तोच भाद्रपद प्रतिपदेला जाम नदीच्या एका काठावरचं पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावरचं सावरगाव एकमेकांवर दगड भिरकावू लागतात. राख्यांची बातमी पुरवणीत छापून येते, दगडांची पहिल्या पानावर. जिल्हा एक, बोली एक, भाजीतलं तिखटही एकच. तरी या दोन गोष्टींचा एकत्र विचार सहसा कोणी करत नाही.

जिल्हा तसा कोवळाच आहे. 5 ऑक्टोबर 2023 रोजी छिंदवाड्यातून सौसर आणि पांढुर्णा हे तालुके वेगळे काढून तो झाला. पण इथल्या माणसाचा पत्ता त्याच्या नकळत बदलण्याची ही पहिलीच खेप नव्हे. 1956 च्या 1 नोव्हेंबरपर्यंत नागपूर हीच जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. पांढुर्ण्याचा शेतकरी नागपूरला जायचा तो स्वतःच्या राजधानीत. त्या दिवशी नागपूर मुंबई राज्यात गेलं, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला, आणि इथल्या मराठी घरांची सरकारी भाषा हिंदी झाली. बाकी फारसं काही हललं नाही. सोयरिकी काटोल, नरखेड, वरुडकडेच होत राहिल्या. दुखणं हाताबाहेर गेलं की गाडी आजही नागपूरकडेच वळते. फरक एवढाच, की सीमेपलीकडचा मेव्हणा तलाठ्याकडे सातबारा मागतो आणि अलीकडचा भाऊजी पटवाऱ्याकडे खसरा.

कारभार भोपाळहून आणि व्यवहार नागपुराशी, अशी दोन घरं सांभाळणाऱ्या मुलखात एक सवय अंगी मुरते: वरून आलेली गोष्ट ऐकून घ्यायची, मान डोलवायची आणि मग आपल्याला हवं तेच करायचं. तंत्रज्ञान असो, कायदा असो, नाहीतर समजूतदारपणाचा सल्ला, सगळ्यांची इथे हीच गत होते. या सवयीला बंडखोरी म्हणायचं की हट्ट, हे प्रकरणावर ठरतं.

पारडसिंग्याचं प्रकरण बंडखोरीत जमा करायला हरकत नाही. (काटोल तालुक्यातलं अनसूया मातेच्या देवळाचं पारडसिंगा वेगळं, हे सीमेच्या अलीकडचं, मध्य प्रदेशातलं.) नागपूरच्या शिल्पकार श्वेता भट्टड आणि त्यांच्या सोबतच्या मंडळींनी या गावात ‘ग्राम आर्ट प्रोजेक्ट’ उभा केला. कलावंत गावात येतात, भिंती रंगवतात, फोटो काढतात आणि निघून जातात, हा अनुभव भारतातल्या बऱ्याच गावांना आहे. ही मंडळी राहिली. 2014 च्या सप्टेंबरात ‘मेक इन इंडिया’ची घोषणा झाली, त्यानंतर त्यांनी कागदावर निषेध लिहिला नाही, शेतात पिकांची लागवड अशी केली की वरून बघितलं तर पंतप्रधानांचा चेहरा दिसावा, आणि शेजारी पंतप्रधानांनाच विनंती, की भारतात पिकवण्याचंही बघा. निवेदनाला टपालातून उत्तर येईल की नाही याची खात्री नसते. पिकाला निदान पाणी दिलं की ते वर तरी येतं.

राखीचं काम त्याहून चिवट आहे. ती कशी होते ते जवळून पाहण्यासारखं आहे. सुरुवात देशी कापसापासून. या कापसाचा धागा आखूड, म्हणून गिरण्यांना तो नको असतो. पण झाडाची मुळं खोल जातात, पाऊस लांबला तरी ते तग धरतं आणि रसशोषक किडींना सहसा दाद देत नाही. बोंडं वेचायची, रुईतून सरकी वेगळी काढायची, रुई पिंजून पेळू करायचे, चरख्यावर सूत काढायचं, ते नैसर्गिक रंगात बुडवायचं, आणि मग गावातल्या बाया त्या सुतात देशी बियाणं बसवून राखी बांधून काढतात. राखी मनगटावरून उतरली की मातीत टाकायची, एवढीच अपेक्षा. याच तालुक्यात बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत रेमंडचा कापड कारखाना 1991 पासून चालू आहे. एकाच तहसिलीत यंत्रमागाचा खडखडाट आणि चरख्याची घरघर नांदते, आणि कोणालाही त्यात विपरीत वाटत नाही.

हे लोक यंत्राच्या विरोधात आहेत, असं समजणं भाबडेपणाचं ठरेल. राख्या विकल्या जातात मोबाइलवरून. फोटो, ऑर्डर, पैसे, सगळं त्याच काचेवर. चरखा आणि स्मार्टफोन यांत भांडण लावायची हौस शहरातल्या लेखकांना असते. चरखा मोडला तर गावातला सुतार बसवून देतो, आणि फोन मोडला तर सौसरच्या बाजारातला पोरगा काच बदलून देतो. दोन्ही गोष्टी आपल्या कह्यातल्या आहेत, इतकं पुरेसं आहे.

थोडा कडवटपणाही नोंदवायला हवा. राखी घेणारं घर बहुतेक वेळा पुण्या-मुंबईच्या सातव्या मजल्यावर असतं, आणि तिथल्या कुंडीत ते बी रुजण्याची शक्यता बेताचीच. पर्यावरण वाचवल्याचं समाधान ग्राहकाला स्वस्तात मिळतं. पण सुतामागची, रंगामागची, गुंफणीमागची मजुरी मात्र गावात राहते, बाईच्या हातात येते. बी रुजलं नाही तरी ती मजुरी खरीच असते.

आता याच्या बरोबर उलट बंड बघायचं तर फार लांब जावं लागत नाही. 10 जून 2019 रोजी अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीर गावात शेतकरी संघटनेच्या शेतकऱ्यांनी उघडपणे, आधी जाहीर करून, तणनाशक सहन करणारं एचटीबीटी कापसाचं बियाणं पेरलं. हे बियाणं सरकारमान्य नाही. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली त्यासाठी तेव्हा पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकत होता. संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांच्या परंपरेतल्या या माणसांचं म्हणणं साधं होतं: कोणतं तंत्रज्ञान वापरायचं ते शेतकरी ठरवील, दिल्लीतली समिती नव्हे. पारडसिंग्याची मंडळी कंपनीच्या बियाण्याला नकार देतात, अकोल्याचे शेतकरी सरकारच्या बंदीला. दोघांनाही आपण स्वतंत्र आहोत असं वाटतं, आणि गंमत म्हणजे दोघंही काही अंशी बरोबर आहेत.

या वादात न बोलणारी एक बाजू असते, ती म्हणजे निंदणाची. कपाशीतलं तण काढायचं काम बायांचं. तणनाशक मारलं की शेतकऱ्याचा मजुरीचा खर्च वाचतो; मजूर मिळत नाहीत ही त्याची तक्रारही खोटी नाही. पण वाचलेला तो खर्च म्हणजे कोण्या बाईचा चार आठवड्यांचा रोज असतो. पर्यावरणवादी जमिनीबद्दल बोलतात, संघटनावाले स्वातंत्र्याबद्दल. विळा घेऊन वाकलेल्या बाईचा हिशेब दोघांच्याही भाषणात तळटिपेपुरताच येतो. पारडसिंग्याचं मोठेपण कलेपेक्षा इथे आहे. तिथे त्या बाईसाठी दुसरं काम तयार झालं.

बीटी कापसाला मंजुरी मिळाली 2002 च्या मार्चमध्ये. काही वर्षांतच देशी आणि सरळ वाण जवळजवळ हद्दपार झाले. त्यासाठी कोणावर जबरदस्ती झाली नव्हती. हिरव्या बोंडअळीनं हैराण झालेल्या शेतकऱ्यानं बीटी बियाणं स्वतःहून उचललं आणि पहिली काही वर्षं त्याला चांगली गेली. पुढे गुलाबी बोंडअळी बीटीला पुरून उरली. तोवर घरची सरकी पेरायची सवय मोडली होती, कारण संकरित वाणाचं बी दुसऱ्या वर्षी तसं पिकत नाही. 2024 च्या हंगामात 475 ग्रॅमच्या पाकिटाचा सरकारी कमाल दर 864 रुपये होता. बी ही घरातली वस्तू होती, ती दुकानातली झाली. पारडसिंग्याच्या राखीत गुंफलेलं चिमूटभर बी म्हणजे या दुकानाला दिलेली हूल आहे.

कापूस सोडून संत्र्याकडे वळलेल्यांचं तरी बरं आहे का? पांढुर्णा-सौसरची संत्री वरुड-काटोलच्या संत्र्यांची सख्खी बहीण. झाडांना सीमा कळत नाही आणि डिंक्या रोगालाही. आंबिया बहार धरायचा म्हणजे उन्हाळ्यात पाणी हवं, पाणी म्हणजे बोअर, आणि बोअर दरवर्षी खोल. पलीकडच्या वरुड-मोर्शीच्या भूजलाचं काय झालं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. त्यात बांगलादेशानं आयातशुल्क चढवत नेलं. 2023 पर्यंत ते किलोमागे 88 रुपयांवर गेलं आणि तिकडे जाणारा माल देशातल्याच बाजारात लोटला गेला. ढाक्यातल्या एका निर्णयानं सौसरच्या बागेचा सौदा मोडतो. जागतिकीकरण शिकायला इथल्या शेतकऱ्याला विद्यापीठात जायची गरज उरलेली नाही.

सौसर हे नाव जगाला एका वेगळ्याच कारणानं ठाऊक आहे, हे मात्र सौसरात फार कोणी सांगत नाही. इथून बालाघाटापर्यंत पसरलेल्या मँगनीजच्या जुन्या खडकसमूहाला भूवैज्ञानिक ‘सौसर समूह’ म्हणतात. लुईस ली फर्मॉर या इंग्रज भूवैज्ञानिकानं 1909 मध्ये भारतातल्या मँगनीज साठ्यांवर जो भला मोठा ग्रंथ काढला, त्यात इथल्या एका खडकाला गोंडांवरून ‘गोंडाइट’ नाव मिळालं. पोलादाला मँगनीज लागतं, आता काही प्रकारच्या बॅटऱ्यांनाही लागतं. म्हणजे विजेच्या गाडीच्या गप्पा जिथे चालतात तिथे आपला तालुका आधीच हजर आहे, पण नावापुरता.

आणि मग भाद्रपद प्रतिपदा, गोटमारीचा म्हणजे दगडफेकीचा दिवस. पहाटे जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवलं जातं, त्यावर झेंडा. पांढुर्ण्याच्या पोट्ट्यांनी पाण्यात उतरून ते झाड तोडायचं, झेंडा चंडीमातेच्या देवळात न्यायचा. सावरगावच्यांनी दगडांनी त्यांना अडवायचं. गोष्ट सांगतात ती पांढुर्ण्याच्या मुलाची आणि सावरगावच्या मुलीची: दोघं पळून जाताना नदीत अडकले आणि दोन्ही काठांवरून दगड आले. प्रेमात पडलेल्यांना दगडांनी मारलं, त्याची आठवण दगडांनीच जपायची, हा तर्क देवालाच ठाऊक. दरवर्षी शेकडो जखमी होतात. 1955 पासून मोजले तर मृत्यू डझनावर आहेत. 1978 आणि 1987 मध्ये तर पोलिसांच्या गोळीबारापर्यंत पाळी गेली.

गोटमार थांबवायचे उपाय सरकारनं कमी केले नाहीत. जमावबंदी झाली. मानवाधिकार आयोगानं दखल घेतली. एका वर्षी तर दगडांऐवजी रबरी चेंडू आणून ठेवले होते; लोकांनी ते बाजूला सारले आणि दगड उचलले. कचेरीत बसून चेंडूंची कल्पना ज्या कोणाला सुचली असेल, त्याचा हेतू चांगला होता यात शंका नाही. पण त्यानं गोटमारीला खेळ समजण्याची गल्लत केली. आता वर ड्रोन फिरतात, काठावर कॅमेरे लागतात, गोफण कोण वापरतो त्यावर नजर असते. ड्रोन फार तर दगड कोणी मारला ते दाखवू शकतो. पुढच्या वर्षी तो हात वर जाऊ नये, हे काम त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे. उलट त्या चित्रफिती मोबाइलवरून गावोगाव फिरतात आणि फुटलेलं डोकं वर्षभर मिरवता येतं.

त्याच दिवशी शंभरेक किलोमीटरवर नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. काळी आणि पिवळी मारबत तर असतातच. त्यांच्यासोबत बडगे, म्हणजे आणखी पुतळे, असतात, आणि त्यांच्यावर त्या वर्षीची महागाई, भ्रष्टाचार, शेजारी देश, झालंच तर एखादा पुढारी, असं सगळं टांगलेलं असतं. शेवटी जळतात ते पुतळे. वर्षभराचा राग नागपूर कागदाच्या आणि बांबूच्या माणसावर काढतं. मारबतही परंपराच आहे, एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली. फक्त तिनं आपला विषय दरवर्षी बदलायची सोय ठेवली आहे. गोटमारीनं ती ठेवली नाही.

‘आमची परंपरा आहे, तुम्ही कोण सांगणारे?’ हा पांढुर्ण्याचा सवाल आणि ‘आमचं शेत आहे, तुम्ही कोण सांगणारे?’ हा अकोल्याच्या शेतकऱ्याचा सवाल ऐकायला सारखेच वाटतात. पारडसिंग्यातही थोड्या फरकानं तोच ऐकू येईल. भोपाळ, दिल्ली किंवा कंपनी यांच्यापुढे तो सवाल टाकणं योग्यच आहे. इतकी वर्षं दोन राज्यांच्या मधोमध राहून या मुलखानं कमावलेला तो हक्क आहे. पण पारडसिंग्याच्या बायांनी त्याच्या पुढचा प्रश्नही स्वतःला विचारला: आपलं म्हणून जे चाललं आहे, त्यातलं काय ठेवायचं? देशी बी त्यांनी ठेवलं, आणि ते विकायला मोबाइल घेतला. नदीकाठावर हा दुसरा प्रश्न अजून विचारला गेलेला नाही.

तो कलेक्टरनं विचारून उपयोग नाही, आणि नागपुरात बसून लेख लिहिणाऱ्यांनी तर मुळीच नाही. पळस रोवणारे सावरगावात आहेत, झेंडा देवळात नेणारे पांढुर्ण्यात. दोन्हीकडच्या घरांत एकमेकांच्या लेकी नांदतात. त्यांनी एकदा, एकाच पोळ्याला, आपसांत ठरवून झेंडा दगडाविना पात्रातून न्यावा आणि देवी कोपते का ते बघावं. कोपली, तर पुढच्या वर्षासाठी जामच्या काठावर दगडांची कमी नाही.