जुनी गाडी, नवी वही

गेल्या चातुर्मासानंतर आम्ही 7 वर्षांची एक जुनी मोटार विकत घेतली. सांगलीहून व्यापारानिमित्त मला वरचेवर रत्नागिरीस जावे लागते आणि ती वाट आंबा घाटातून उतरते. शिवाय ऐंशी ओलांडलेल्या आईला कुंभोजच्या बाहुबलीस दर्शनाला न्यावे, अशीही मनीषा होती. गाडी दिसायला नीटस होती, इंजिनाचा आवाजही शांत होता. मात्र सर्व्हिस बुकाची शेवटच्या 4 वर्षांची पाने कोरी होती.

मेस्त्रींनी तपासणी करून दिलेली यादी 52 हजारांची झाली. आम्ही बाजूला काढले होते 30 हजार. चिरंजीवांचे मन सीट कव्हर आणि पॉलिश यांवर होते. “बाबा, चालते आहे तोवर आत हात कशाला घालायचा?” असे त्याचे म्हणणे. मेस्त्री म्हणाले, “अण्णा, तुम्ही सांगाल तेवढेच करतो.” निर्णय माझ्यावर आला.

दुसऱ्याचे चालते दुकान घेताना आपण आधी पाटी रंगवीत नाही. उधारीची वही पाहतो. ज्या रकमेची नोंद नाही, ती जमा धरीत नाही. तोच नियम येथे लावला: ज्या कामाची नोंद नाही, ते झालेलेच नाही. मग यादीचे तीन भाग पाडले.

पहिला भाग, जिथे चूक झाली तर जीव जाईल. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, म्हणून ते साधारणपणे दर 2 वर्षांनी बदलावे लागते. ओलावा शिरला की ते कमी उष्णतेवर उकळू लागते. घाट उतरताना ब्रेक सतत दाबून तापले की आत वाफ होते आणि पेडल पोकळ जाते. टायरवरची नक्षी भरपूर होती, म्हणून त्यांच्याविषयी मी निश्चिंत होतो. मेस्त्रींनी कडेवर कोरलेले चार आकडे दाखवले: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर गाडीइतकेच जुने होते आणि कडेला बारीक भेगा पडल्या होत्या. चारही बदलायचे ठरले.

दुसरा भाग, जिथे चूक झाली तर इंजिन जाईल. टायमिंग बेल्टचे आयुष्य किलोमीटर किंवा वर्षे, जे आधी भरेल त्यावर मोजतात. तो नुसता पाहून भरवसा देता येत नाही. तुटला तर आमच्या गाडीच्या इंजिनात पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. तो, इंजिन ऑइल, फिल्टर आणि कूलंट बदलले.

तिसरा भाग केवळ डोळ्यांना खटकणारा: ओरखडे, सीट, म्युझिक सिस्टीम. ते राहू दिले. बॅटरी आणि ब्रेक पॅड तपासणीत चांगले निघाले, म्हणून तेही बदलले नाहीत. धडकी वस्तू केवळ जुनी म्हणून टाकणे अपरिग्रहात बसत नाही.

मुनिराज चार हात भूमी पाहून पाऊल टाकतात. तत्त्वार्थसूत्राने तर हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद घातला आहे. हजार किलोचे वाहन रस्त्यावर नेणाऱ्या श्रावकाला ही यत्नाचाराची शिकवण लागू नाही, असे कसे म्हणावे?

त्याच रात्री प्रतिक्रमणास बसलो आणि एक गोष्ट मनात टोचू लागली. दोन वर्षांपूर्वी मी माझी आधीची गाडी विकली होती. माझ्याकडे असताना 6 वर्षांत तिचे ब्रेक ऑइल एकदाही बदलले नव्हते. घेणाऱ्याने विचारले नाही, मी सांगितले नाही. खोटे बोललो नव्हतो, एवढ्यावर समाधान मानले होते. ज्या कोऱ्या पानांबद्दल मी दुसऱ्याला दोष देत होतो, तशीच पाने मीही एका गृहस्थाच्या हाती दिली होती.

सकाळी त्यांना फोन केला, सर्व सांगितले, क्षमा मागितली. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “मीही बदललेले नाही. आजच गाडी दाखवतो.”

आता आमच्या गाडीच्या खणात एक छोटी वही असते. कोणते काम, कोणत्या तारखेस, किती किलोमीटरवर झाले, हे चिरंजीव स्वतः लिहितो. जे राहिले आहे, तेही त्यात लिहिलेले असते. गाडी पुढे विकली जाईल, तेव्हा ही वही तिच्यासोबत जाईल.