लिस्बन स्ट्रीटवरचा सलाम

बोस्टनला मुलाकडे गेले होते. एका शनिवारी सूनबाई म्हणाली, "अम्मी, चला, अमेरिकेतलं मालेगाव दाखवते." गाडीने अडीच तास उत्तरेला गेलो, मेन राज्यातल्या लुईस्टनला. नदीकाठी विटांच्या भल्यामोठ्या कापडगिरण्या, बहुतेक बंद पडलेल्या. मागाच्या खडखडाटात वाढलेली मी. ती शांतता मला लगेच कळली.

बाजारपेठेचा रस्ता लिस्बन स्ट्रीट. तिथे हलाल गोश्ताची दुकानं, मशीद आणि लांब ओढण्यांतल्या सोमाली बायका. एका दुकानात सलाम केला. मालकीणबाईंनी हसून जवाब दिला आणि गरम सांबुसे पुढे ठेवले. आपल्या समोशाचाच भाऊ!

सोमालियात १९९१ साली सरकार कोसळलं, यादवी पेटली. लाखो लोक केनियाच्या छावण्यांत गेले, तिथून काही अमेरिकेत आले. स्वस्त घरं आणि मुलांसाठी शांत गाव शोधत २००१ पासून सोमाली कुटुंबं लुईस्टनला येऊ लागली. गाव गोऱ्यांचं, कामधंदा आटलेला. सरकार यांना फुकट मोटारी देतं, अशा अफवा उठल्या. ऑक्टोबर २००२ मध्ये महापौरांनीच जाहीर पत्र लिहिलं: आता आणखी माणसं येऊ देऊ नका. सोमाली बुजुर्गांनी पत्रानेच उत्तर दिलं. जानेवारी २००३ मध्ये वंशद्वेष्ट्यांनी इथे सभा घेतली, तिला काही डझन लोक आले. त्याच दिवशी सोमालींच्या बाजूने सुमारे चार हजार माणसं जमली. तरी विष संपलं नव्हतं. २००६ मध्ये मशिदीत नमाज चालू असताना एकाने डुकराचं मुंडकं आत फेकलं.

सोमालींनी गाव सोडलं नाही. ओस पडलेल्या दुकानांची कुलपं काढली. बायका इंग्रजी शिकल्या, शाळा-दवाखान्यांत दुभाषी झाल्या. मुलं फुटबॉल खेळली. २०१५ मध्ये लुईस्टन हायस्कूलने राज्याचं अजिंक्यपद पहिल्यांदाच जिंकलं. संघातली बरीच मुलं आफ्रिकेतून आलेल्या निर्वासित घरांतली होती, आणि त्यांच्यासाठी सगळं गाव ओरडत होतं. २०१९ मध्ये सोमालियात जन्मलेली सफिया खालिद अवघ्या तेविसाव्या वर्षी नगरपरिषदेवर निवडून आली.

गंमत अशी, की या गिरण्यांत राबलेले बरेच गोरेही बाहेरूनच आलेले. ते कॅनडातले फ्रेंचभाषक कॅथलिक. त्यांच्या बोलीला आणि धर्मालाही इथे नाकं मुरडली गेली. १९१९ च्या कायद्याने शाळांत फक्त इंग्रजीतूनच शिकवायचं ठरलं. आजी-आजोबांनी सोसलेलं नातवंडं किती लवकर विसरतात!

"पहिल्यांदा लोक काचेतून बघून पुढे जायचे," मालकीणबाई म्हणाल्या. सूनबाई मला अर्थ सांगत होती. "आता आत येतात, सांबुसे मागतात. मुलांची नावं घेऊन विचारपूस करतात."

परतीच्या वाटेवर मला आमचे पूर्वज आठवले. १८५७ नंतरच्या धामधुमीत उत्तरेतले विणकर दक्षिणेकडे निघाले, त्यांतलेच ते. मालेगावात तेही परकेच होते. आणि आज? आमच्या गल्लीत बिहारचा एक मागवाला चार वर्षांपासून राहतो. मी त्याला "तो बिहारी" एवढंच म्हणत आले.

घरी आल्यावर आधी त्याच्या दारात गेले, सलाम केला आणि त्याचं नाव विचारलं.